सेकंदाला सोळा

माझं आणि भावोजींचं पटत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी त्यांच्याबद्दल जे बोलेन त्यातलं खरं किती आणि जळफळाट किती, ते ज्याचं त्यानं ठरवावं. तेवीस वर्षं एका छपराखाली राहून आम्ही एकमेकांना पाण्यात पाहतोय. मधे ताई आहे, माझी सख्खी बहीण आणि त्यांची बायको, म्हणून अजून कुणाचं डोकं फुटलेलं नाही.

भावोजी फोटोग्राफर. पोटापाण्याची नोकरी वाहन परवान्याच्या कचेरीत. खिडकीसमोरच्या स्टुलावर माणूस बसवायचा, "हनुवटी वर" म्हणायचं, खटका दाबायचा, "पुढचा" म्हणायचं. एकतीस वर्षं हेच. त्यामुळे घरीसुद्धा माणूस समोर येऊन बसला की हे त्याच्या हनुवटीकडेच बघतात, तो काय बोलतोय त्याकडे लक्षच नसतं. सुट्टीच्या दिवशी मात्र स्टेडियममध्ये जाऊन धावणाऱ्यांचे, उड्या मारणाऱ्यांचे फोटो काढायचे. निवृत्त झाले तेव्हा ॲथलेटिक्सच्या संघटनेनं त्यांना अधिकृत फोटोग्राफर केलं, गळ्यात ओळखपत्र घातलं, आणि आमच्या घरात राहणं आणखी कठीण झालं.

तिथले बाकीचे फोटोग्राफर त्यांना एकटाक्या म्हणतात. जुन्या काळी कुणी कागद एका टाकात लिहून काढायचा, तसे हे एका दाबात फोटो काढतात. बाकीची मंडळी बोट दाबून धरतात, कॅमेरा खर्रर्र करत शंभर फोटो काढतो, मग संध्याकाळी बसून त्यातला एक निवडतात. भावोजींना हा प्रकार म्हणजे भीक मागण्यासारखा वाटतो. खेळाडूची पावलं मनात मोजायची, श्वास धरायचा, आणि नेमक्या क्षणी एकदाच दाबायचं. तो फोटो असा मोठा, असा स्वच्छ, की भिंतीएवढा केला तरी भुवईवरचा घामाचा थेंब दिसला पाहिजे. कुणी कौतुक केलं की मान जरा तिरकी करून म्हणणार, "एक पुरतो." असा राग येतो ना मला!

त्यांच्या लग्नातली गोष्ट सांगते. नोंदणी कार्यालयात सही करायची वेळ आली. ताई पेन हातात धरून उभी. हे महाशय खिडकीकडे बघतायत. मग त्या अधिकाऱ्यालाच म्हणतात, "साहेब, तुम्ही जरा डावीकडे सरकता का? उजेड अडतोय." साहेब सरकला! यांनी कॅमेरा काढला, ताईच्या सहीचा फोटो घेतला, आणि स्वतः सही करायची राहिलीच. बाहेर पडलेल्या वऱ्हाडाला परत बोलावावं लागलं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि तेव्हाच मला कळलं होतं की या माणसाबरोबर आपलं जमायचं नाही.

आता माझं सांगते. मी कॅमेरे दुरुस्त करते. ताईच्या लग्नानंतर चार वर्षांनी मी तिच्याकडे राहायला आले, तेव्हापासून घराची मागची खोली माझी. टेबल, त्यावर भिंगाचा दिवा, रबराचा फुंकणी-फुगा, आणि बाटल्यांच्या झाकणांची गोल रांग. कॅमेरा उघडला की पहिला स्क्रू पहिल्या झाकणात, दुसरा दुसऱ्यात, म्हणजे जोडताना उलट्या क्रमानं यायचं. खोलीत पंखा लावत नाही, धूळ उडते म्हणून. उन्हाळ्यात घाम पुसत बसते, पण माझ्या हातून गेलेला कॅमेरा परत आला असं सहसा होत नाही. कुठल्याही कॅमेऱ्याच्या पोटातलं मला विचारा. लग्न केलं नाही. का नाही केलं हा प्रश्न भावोजींनी पहिल्या वर्षी एकदा विचारला होता, त्याचं उत्तर त्यांना असं मिळालं की पुन्हा विचारलं नाही.

आमचं भांडण कायम एकाच गोष्टीवरून. कॅमेरा मोठे फोटो भराभर काढू शकत नाही. त्याला एक घास घ्यायचा, चावायचा, गिळायचा असतो. घास मोठा असला की वेळ लागतो. भावोजींचा कॅमेरा पूर्ण आकारात सेकंदाला पाच फोटो काढतो. त्यातही वीस-बावीस सलग झाले की त्याला ठसका लागतो, मागचा लाल दिवा लुकलुकत राहतो, आणि तो काढलेलं कार्डावर उतरवत बसतो. तुम्ही कितीही दाबा, ढिम्म. आणि त्याच कॅमेऱ्याला लहान आकार दिला, म्हणजे चारातले तीन ठिपके सोडून दे म्हटलं, की तो सेकंदाला सोळा काढतो आणि मिनिटभर दम खात नाही. बारकावा हवा की वेग, एक काहीतरी निवडा. दोन्ही देणारा कॅमेरा आमच्या घरात तरी आलेला नाही.

मी म्हणायची, "भावोजी, मधे काय घडलं तेच सापडलं नाही तर त्या घामाच्या थेंबाचं काय लोणचं घालायचंय?"

ते म्हणायचे, "आणि काय घडलं ते ओळखूच आलं नाही तर?"

"सोळातला एक तरी सापडेल."

"सोळा आंधळे मिळून एक डोळस होत नाही."

ताई पोळी वाढता वाढता ओरडायची, "जेवताना कॅमेरा नको!" मग आम्ही ताटात बघून जेवायचो. पाच मिनिटं.

एकदा मात्र त्यांनी हद्द केली. घरी संघटनेची माणसं आली होती. मी चहा घेऊन आले तेव्हा हाच विषय चालला होता, मी आपलं मत दिलं. भावोजींनी कपही न उचलता, मान तिरकी करून म्हटलं, "टाइपरायटर दुरुस्त करणाऱ्यानं कादंबरी कशी लिहावी ते सांगू नये." सगळे हसले. मीसुद्धा हसले, कारण ट्रे हातात होता आणि तो त्यांच्या डोक्यात घालणं बरं दिसलं नसतं. त्याला अकरा वर्षं झाली. मी विसरलेले नाही.

या सगळ्यात एकच माणूस असा की ज्याच्यावर आम्हा दोघांचा सारखाच जीव. ताईची मुलगी, माझी भाची. आम्ही तिला छोटी म्हणतो, पण ती दारातून वाकून आत येते एवढी उंच. छोटी धावते. शाळेपासून धावते. एकटीच्या शर्यतीत ती चौथी-पाचवी येते, पण चार बाय शंभरच्या रिलेत शेवटच्या टप्प्याला तिच्यासारखी दुसरी नाही. मागून येणारीकडे न बघता हात मागे करायचा, बॅटन तळव्यात टेकली की मूठ मिटायची आणि सुटायचं. रोज अंगणात मला बॅटन देऊन मागून पळायला लावायची. चष्मा सांभाळत, साडी खोचून मी आपली पळतेय, आणि शेजारी गच्चीतून बघून दात काढतायत.

त्या वर्षीची स्पर्धा तिच्यासाठी शेवटची होती. जिंकणाऱ्या चौघींना राष्ट्रीय शिबिरात घेणार होते, आणि शिबिराला वयाची अट चोवीस. छोटीला पुढच्याच महिन्यात चोवीस पूर्ण होत होती. ताईनं विमा कंपनीच्या कचेरीत तिच्यासाठी एका जागेचं बोलून ठेवलं होतं. छोटी म्हणाली होती, "शिबिर मिळालं तर नाही, नाही मिळालं तर सोमवारपासून जाईन, आई. मग तक्रार करणार नाही." म्हणजे सरळ हिशेब होता. जिंकली तर धावणार, हरली तर खुर्चीत बसणार.

स्पर्धेच्या दोन दिवस आधी भावोजी माझ्या खोलीच्या दारात आले. आत येत नाहीत, दारातच उभे राहतात. "खटका जड लागतोय," म्हणाले आणि कॅमेरा टेबलाच्या कडेला ठेवून गेले. बाकी कुठल्या दुरुस्तीवाल्याकडे जातील तर शपथ! माझ्याशिवाय कुणावर विश्वास नाही, पण ते तोंडानं म्हणतील तर जीभ झडेल.

मी उघडला. शटरच्या पात्यांपैकी एक वाकलं होतं. नवीन शटर बसवलं, तपासलं, समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचे दहा-बारा फोटो काढले. पहिल्याच फोटोत तारखेच्या आकड्यातला छापखान्याचा ठिपकासुद्धा स्वच्छ. मग आकार लहान केला, सोळाचा वेग लावला, पुन्हा काढले. तिथेही आकडे छान वाचता येत होते. आणि माझ्या डोक्यात ते शिरलं.

मी मनाशी म्हटलं, अगं, शेवटच्या बदलाला गडबड झाली तर? रिलेचा नियम असा की बॅटन तीस मीटरच्या पट्ट्यातच एकीच्या हातातून दुसरीच्या हातात गेली पाहिजे. नुसती टेकून चालत नाही, पहिलीची बोटं सुटली पाहिजेत. पट्ट्याच्या रेषेबाहेर सुटली की अख्खा संघ बाद. पोरी त्या जागी सेकंदाला साडेआठ मीटर धावत असतात. पाचच्या वेगानं फोटो काढला तर एका फोटोपासून दुसऱ्यापर्यंत जवळजवळ पावणेदोन मीटर निघून जातात. त्यात दहा वेळा बॅटन सुटेल! सोळानं काढला तर अर्धाच मीटर. बापाच्या हट्टापायी पोरीचं वाटोळं व्हायला नको.

तेव्हा मी तो कॅमेरा लहान आकार आणि सोळाच्या वेगावरच ठेवला आणि गप्प बसले. सांगितलं असतं तर त्यांनी तिथल्या तिथे बदललं असतं. फोटो काढल्यावर मागचा पडदा बघायची त्यांना सवय नाही, ते त्यांना कमीपणाचं वाटतं. मनात म्हटलं, बसा आता, कादंबरी तुमची, पण टाइपरायटर माझा.

शनिवारी मी पहिल्यांदा स्टेडियममध्ये गेले. हो, पहिल्यांदाच. बावीस वर्षांत भावोजींचं काम बघायला मी एकदाही गेले नव्हते, कशाला जाऊ? ताईला गर्दीत धडधडतं, म्हणून ती घरी थांबली आणि मला म्हणाली, तू तरी जा.

मी शेवटच्या बदलाच्या पट्ट्यासमोरच बसले. कठड्यापाशी भावोजी दिसतील म्हणून शोधत होते. मैदानात नाहीत, कडेला नाहीत. शेजारी एक बाई बसली होती, कुठल्याशा धावपटूची आई. तिला विचारलं, फोटोवाले कुठे असतात हो? तिनं बोट वर केलं. पार वर, समोरच्या बाजूच्या छताखाली, तिसऱ्या मजल्यावरचा एक लोखंडी सज्जा. "दोन वर्षांमागे एकाला हातोडाफेकीतला हातोडा लागता लागता राहिला, तेव्हापासून सगळ्यांना तिथेच उभं करतात," ती म्हणाली.

आख्खं मैदान मधे होतं. एवढ्या लांबून माणूस तो केवढा दिसणार, आणि माणसाचा हात तो केवढा! भावोजी मोठ्या आकाराला का चिकटून बसले होते ते मला त्या क्षणी कळलं. लांबून मोठा फोटो घ्यायचा आणि त्यातला हवा तेवढा तुकडा कापायचा. घामाच्या थेंबाचा नखरा असेलही, पण त्याला एक कारण होतं. आणि मी कॅमेरा तपासला होता कुठे? माझ्या टेबलावर, दोन हातांवरच्या कॅलेंडरवर. दुरुस्तीवालीची चूक ती, दुसरं कोण करणार.

उठून वर जावं म्हटलं तर जिन्यात सुरक्षारक्षक. "ओळखपत्र?" मी म्हटलं, माझे भावोजी वर आहेत. तो म्हणाला, "माझे पण काका मंत्री आहेत, बसा खाली." फोन लावला तर बंद. शर्यतीच्या वेळी ते फोन बंदच ठेवतात. मी परत येऊन बसले तोवर पोरी आपापल्या जागी उभ्या राहिल्या होत्या.

बार झाला. पहिला बदल, दुसरा बदल, दोन्ही छान. तिसरी पोरगी वळणावरून आली तेव्हा आमचा संघ अर्धा हात मागे होता. छोटीनं धाव घेतली, जरा लवकरच घेतली, हात मागे केला. बॅटन तिच्या हातात गेली ती पट्ट्याच्या अगदी टोकाला. मग ती जी सुटली! मी बाकावर उभी राहून किंचाळत होते, शेजारच्या बाईचा खांदा धरून. छोटी पहिली आली. पहिली! मी त्या बाईला मिठी मारली, तिची मुलगी तिसरी आली होती तरी.

आणि मग मी पट्ट्याकडे बघितलं. तिथल्या पंचानं नियम मोडल्याचा पिवळा झेंडा वर धरला होता.

आमच्या संघाच्या प्रशिक्षकानं हरकत घेतली. सज्ज्याखालच्या एका खोलीत पंचांची समिती बसली. लांब टेबल, त्यावर पाण्याचे जग, एक संगणक, तीन माणसं. चारही पोरी भिंतीशी उभ्या. घरचं माणूस म्हणून मला दारात उभं राहू दिलं. व्हिडिओचा कॅमेरा सगळा वेळ शेवटच्या रेषेवर होता, त्यामुळे पट्ट्याचा पुरावा म्हणजे अधिकृत फोटोग्राफरचे फोटो. दुसऱ्या संघाचा प्रशिक्षक लगेच बोलला, "बापानं काढलेला मुलीचा फोटो पुरावा म्हणून चालतो का?"

समितीच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "कॅमेऱ्याला मुलगी नसते. लावा."

भावोजींनी कार्ड लावलं. माझ्याकडे बघितलं नाही. पडद्यावर एकामागून एक फोटो सरकू लागले. सोळाचा वेग होता, त्यामुळे सगळं होतं. बॅटन तळव्यात टेकतेय. दोघींचे हात तिच्यावर. मग तो फोटो आला. बॅटन रेषेच्या हातभर अलीकडे. पुढच्या फोटोत बॅटन रेषेपलीकडे आणि फक्त छोटीच्या मुठीत. म्हणजे सगळा निकाल त्या अलीकडच्या फोटोवर. त्यात मागच्या पोरीची बोटं उघडलेली असतील तर बदल आत झाला, मिटलेली असतील तर बाहेर.

"मोठा करा," बाई म्हणाल्या.

मोठा केला. बोटांच्या जागी पिठाचा गोळा. आणखी मोठा केला, तर नुसते चौकोन. बाईंनी चष्मा पुसला, पुन्हा वाकल्या. बोटं उघडी का मिटलेली, देव जाणे.

"तुमचे फोटो तर असे नसतात," त्या भावोजींना म्हणाल्या. "मागच्या वर्षी तुमच्या फोटोत नखं मोजली होती आम्ही. हा आकार कुणी लावला?"

मी तोंड उघडलं, खोटं कशाला सांगू, आणि परत मिटलं.

"मी," भावोजी म्हणाले. "माझा कॅमेरा आहे, दुसरं कोण लावणार?"

समितीनं दहा मिनिटं घेतली. पुरावा स्पष्ट नसेल तर पंचाचा झेंडा कायम, हा नियम. संघ बाद. शिबिर दुसऱ्या संघाला.

टॅक्सीनं घरी निघालो. छोटी पुढे बसली होती, बॅग मांडीवर घेऊन. घरी आल्यावर ताईनं आमची तोंडं बघितली आणि काही न विचारता गॅसवर पाणी ठेवलं. छोटी आत खोलीत गेली, दार नुसतं लोटलं. आणि मग माझ्या मस्तकात जी तिडीक गेली ती गेली.

"भावोजी, मी लावला होता तो वेग. गुरुवारी. तुम्हाला न सांगता. आणि तुम्ही तिथे मोठेपणा मिरवलात. मी मागितला होता तुमचा उपकार? तेवढीसुद्धा चूक दुसऱ्याची म्हणवत नाही का तुम्हाला? तुमच्या कॅमेऱ्याला दुसऱ्या कुणी हात लावला हे जगाला कळलं असतं तर काय नाक कापलं असतं?"

ताईच्या हातातलं झाकण खाली पडलं. "तू लावलास?" ती म्हणाली. "तू?"

भावोजी स्वयंपाकघराच्या स्टुलावर बसले होते. बूटसुद्धा काढले नव्हते. "मला माहीत होतं," ते म्हणाले.

"काय माहीत होतं?"

"सकाळी पहिलं दाबलं तेव्हाच. खट् असा आवाज यायचा तर खर्रर्र आला. छत्तीस वर्षं कॅमेरा कानाशी धरतोय मी. बहिरा समजतेस काय?"

मला काही कळेना. "मग बदललं का नाहीत? दोन बटणं तर दाबायची होती! अहो, सबंध दिवस होता तुमच्याकडे! मी काय झाले तरी टेबलावरची बाई. एवढ्या लांबून काही दिसायचं नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं!"

"कळतं."

"मग?"

त्यांनी उजवा हात मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसले. "बोट आता उशिरा दाबलं जातं," ते म्हणाले. "मागच्या वर्षीपासून. क्षण दिसतो, पण बोट पोचेपर्यंत निघून जातो. या वर्षी दोन स्पर्धांत शेवटचा बदल चुकलाय माझा. कुणाला सांगितलं नाही. म्हटलं, पोरीचा क्षण माझ्या बोटावर सोडायला नको. तू म्हणतेस तर असेल खरं, सोळातला एक तरी सापडेल."

आणि सापडलाही होता. तोच तर फोटो होता तो.

मला रडू यायला हवं होतं, पण मला राग आला. असा राग मला या माणसाचा कधी आला नव्हता, टाइपरायटरच्या वेळीसुद्धा नाही. "बावीस वर्षं!" मी ओरडले. "बावीस वर्षांत माझं एक अक्षर ऐकलं नाहीत. आणि ऐकायला मुहूर्त सापडला तो आजचा? बोट चालत नाही हे मला सांगायला काय झालं होतं? मी खटका हलका करून दिला असता, एवढा हलका की नुसता स्पर्श पुरला असता! माझं काम आहे ते!"

"तू तरी विचारलंस का मी कुठे उभा राहतो ते?" तेही ओरडले. स्टूल सरकवून उभे राहिले. "दोन वर्षं त्या सज्ज्यावर उभा आहे. एकदा तरी विचारलंस?"

"तुम्ही सांगितलंत?"

"मोठ्या आकारात काढला असता तर—"

"तर क्षणच चुकला असता, तुम्हीच म्हणताय आत्ता!"

"अहो, गप्प बसा दोघंही!" ताई म्हणाली, पण आम्ही ऐकतोय कुठले. बोटं दिसली असती का, उघडी असती का मिटलेली, पाचच्या वेगात तो क्षण सापडला असता का, हेच आम्ही एकमेकांच्या तोंडासमोर हात नाचवत भांडत होतो. गॅसवरचं पाणी उकळून आटत आलं होतं.

छोटी दारात उभी होती. कधीची, कोण जाणे. पायात मोजे, केस सोडलेले.

"झालं?" ती म्हणाली.

आम्ही थांबलो.

"त्या खोलीत तीन पंच होते. त्यांनी फोटोला विचारलं. बाबा, तुम्ही कॅमेऱ्याला विचारलंत. मावशी, तू तर स्क्रूंना विचारत असशील. त्या हातात बॅटन होती ना, तो माझा हात होता. मला कुणी विचारलं का?"

ताईनं गॅस बंद केला.

"कुठे सुटली गं?" मी विचारलं.

"आत," छोटी म्हणाली. "तिची बोटं सुटली, मग माझं एक पाऊल पडलं, मग रेषा आली. मी खाली बघितली ती रेषा. एवढं साधं होतं."

भावोजींनी भिंतीला हात टेकला. पंचांनी तिचा शब्द धरला नसता, खेळाडूचा शब्द कुणी धरत नाही, हे आम्हा दोघांना माहीत होतं. पण घरात तरी आम्ही पंच नव्हतो. टॅक्सीत अर्धा तास ती आमच्या पुढे बसली होती आणि आमच्या डोक्यात चालला होता तो पिठाचा गोळा.

सोमवारी सकाळी छोटी विमा कंपनीत गेली. तिनं म्हटल्याप्रमाणे तक्रार केली नाही. आता दीड वर्ष झालं. ती तिथेच आहे, काम चांगलं करते म्हणतात. धावायला जात नाही. मी दोनदा म्हटलं, चल अंगणात, मी पळते मागून. ती हसते आणि म्हणते, "गुडघे सांभाळ, मावशी."

भावोजींनी संघटनेचं ओळखपत्र परत केलं. आमचं अजून पटत नाही, जेवताना अजून भांडण होतं, कधी भाजीच्या मिठावरून तर कधी वर्तमानपत्र कुणी चुरगाळलं यावरून. कॅमेऱ्यावरून मात्र होत नाही. परवा ते माझ्या खोलीच्या दारात आले, उभे राहिले, आणि तेवीस वर्षांत पहिल्यांदा आत येऊन स्टुलावर बसले. मी स्क्रू काढत होते, वर बघितलं नाही. म्हणाले, "ती खरं बोलत असेल ना गं?"

मी म्हटलं, "भावोजी, हेही तिलाच विचारा."

ते उठून गेले. तिला अजून विचारलेलं नाही. मीही नाही.